पाटी वाचली असती तर

आमच्या शाळेत परिपाठाला रोज पाच बातम्या वाचल्या जातात. ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी घरी येणाऱ्या किंवा शेजाऱ्याकडून आणलेल्या पेपरातून त्या निवडतो, वहीत उतरवतो आणि सकाळी सगळ्यांसमोर उभा राहून वाचतो. जानेवारी २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात एका मुलीने पहिलीच बातमी वाचली ती पारगावची. दौंड तालुक्यातल्या पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातल्या सात जणांचे मृतदेह सापडले, त्यांत तीन लहान मुले. घरातल्या तरुण मुलाने एका स्त्रीला पळवून नेल्याच्या दुःखातून सामूहिक आत्महत्या. मुलीचा आवाज शेवटी बारीक झाला. रांगेत कोणी हूं की चूं केले नाही.

दोन दिवसांनी दुसऱ्या मुलाची पाळी होती. त्याने वाचले की त्या सातही जणांचा खून झाला असे पोलिसांना आढळले असून नात्यातल्याच पाच जणांना अटक झाली आहे. परिपाठ संपला, वर्ग भरले, आणि ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, मग परवा मी खोटं वाचलं का?"

आम्ही तिला काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते समाधानकारक नसणार. तो प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला आणि या महिन्याचे हे सदर त्याच प्रश्नावर आहे.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाताना पारगावजवळ भीमेचा पूल लागतो. धाकट्या बहिणीचे सासर केडगावला, त्यामुळे महिना-दीड महिन्याने आमचे त्या पुलावरून जाणे होते. ते कुटुंब मूळचे बीड जिल्ह्यातले, पोटासाठी निघोजला येऊन राहिलेले. नवरा-बायको, त्यांची लेक, जावई आणि तीन नातवंडे. १८ जानेवारीपासून एकेक मृतदेह सापडत गेला, २४ तारखेला मुलांचे सापडले. पोलिसांचा पहिला अंदाज आत्महत्येचा होता. पुढे तपासात बाहेर आले ते असे: नात्यातल्या एका तरुणाचा काही महिन्यांपूर्वी अपघाती मृत्यू झाला होता, त्याला या कुटुंबाचा मुलगा जबाबदार आहे असा त्या नातेवाइकांचा समज होता आणि त्या रागातून हे घडवले गेले, असा पोलिसांचा आरोप.

आता पहिल्या बातमीने काय केले ते पाहा. ज्या मुलाचे आई-वडील, बहीण, मेहुणा आणि भाचरे एका आठवड्यात गेली, त्याच मुलाला तिने दोषी ठरवले. तू पळून गेलास म्हणून हे मेले, असे छापील अक्षरांत त्याला सांगितले. त्याने पेपर वाचला की नाही आम्हांला ठाऊक नाही. पण गावातल्या चहाच्या टपरीवर तो वाचला गेला असेल आणि दुसरी बातमी येईपर्यंत लोकांचे मत बनून गेले असेल. मोलमजुरी करणारे घर कोणत्या संपादकाला पत्र लिहिणार होते?

आम्ही भाषा शिकवतो, म्हणून आमचे लक्ष क्रियापदाकडे जाते. पोलिसांनी सांगितले होते की आत्महत्या 'केली असावी'. मथळ्यात काय आले? 'सामूहिक आत्महत्या'. 'असावी' हे रूप आम्ही वर्गात विध्यर्थ म्हणून शिकवतो, परीक्षेत त्याला गुण असतात. मथळ्यात त्याला जागा नसते. उर्दू अखबारांत याच कामासाठी 'मुबैयना' हा शब्द आहे, मराठीत 'कथित' आहे, 'प्राथमिक अंदाज' आहे, 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' आहे. आतल्या मजकुरात हे शब्द बहुतेक वेळा असतातही. पण घाईचा वाचक मथळा वाचतो, आणि परिपाठाच्या वहीत पोरे मथळाच उतरवतात. शिवाय दुसऱ्या बातमीचेही तसेच होते. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे, तो न्यायालयात सिद्ध व्हायचा असतो. तरी काही ठिकाणी तीही 'यांनीच मारले' अशा थाटात आली. एक घाई सुधारायला दुसरी घाई.

मग त्या मुलीचा प्रश्न. ती खोटे वाचत नव्हती, तिला जे दिले गेले ते ती वाचत होती. बातमी देणाराही खोटे बोलत नसेल, त्याला जे सांगितले गेले ते त्याने लिहिले. साखळीतला प्रत्येक जण आपापल्या परीने खरा, आणि शेवटी पोहोचलेली गोष्ट चूक.

आमचा एक जुना विद्यार्थी तालुक्याचा बातमीदार आहे. त्याचे नाव आणि त्याच्या पेपराचे नाव सांगत नाही, कारण मिळते ती रोजीही जाईल. मानधन पेट्रोलला पुरत नाही. तोच बातमी लिहितो, तोच फोटो काढतो, तोच दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करतो आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणीही त्यालाच भरून द्यायची असते. ज्या कारखान्याच्या धुराबद्दल लिहायचे त्याच्याच जनसंपर्क अधिकाऱ्याकडे दसऱ्याला जाहिरात मागायला जायचे. त्याला आम्ही पारगावची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला. "सर, बातमी उशिरा दिली तर ऑफिसमधून फोन येतो. चुकीची दिली तर नाही येत." आता तर गल्लीगल्लीत यूट्यूबवाले माइक घेऊन उभे आहेत, पेपर सकाळी निघतो, त्यांचे मिनिटाला निघते. म्हणून दोष एकट्या बातमीदारावर टाकायला आमचे मन धजत नाही. नीतिमत्ता पाळायची तर तिचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो, आणि मालक, जाहिरातदार व चार-पाच रुपयांत पेपर मागणारे आपण वाचक यांपैकी कोणीही तो उचलायला तयार नाही.

हा खर्च कोणी उचलला नाही की काय होते ते महाराष्ट्राने २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पाहिले. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कौतुकाचे लेख वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दाला शब्द सारखे छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिले. प्रकरण निवडणूक आयोगापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेले. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चव्हाणांना दिलासा दिला, तेही इथे नोंदवले पाहिजे. प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये 'पेड न्यूज'चा अहवाल तयार करवून घेतला, पण नावे असलेला मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश यावा लागला. घोड कालव्याचे आवर्तन कोणी अडवले, कुरकुंभच्या कारखान्यांचे पाणी कुठे सोडले जाते, कारखान्याने उसाची बिले का थकवली, हे मतदाराला स्वतः जाऊन बघता येत नाही. त्याला ते बातमीतूनच कळते. बातमीची जागा विकली गेली असेल तर तो बोटाला शाई लावून येतो खरा, पण कशाच्या आधारावर?

आता ज्या विषयावर या मासिकाचे वाचक आमच्याकडून काही ऐकू इच्छित असतील तिकडे येतो. मार्च-एप्रिल २०२० आठवा. दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि साथीच्या रोगाला एक धर्म चिकटवला गेला. काही वाहिन्यांवर रोज संध्याकाळी तेच. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे शिरूरकरांसाठी घोड नदीच्या पलीकडे, जमातीत आलेल्या परदेशी पाहुण्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले. आमच्या मोहल्ल्यातले भाजी विकणारे चाचा, ज्यांचा निजामुद्दीनशी संबंध फक्त कव्वालीपुरता, त्यांना एका सोसायटीच्या फाटकावर नाव विचारून परत पाठवले. त्यांनी त्या दिवशी उरलेली मेथी आमच्या ओट्यावर ठेवली आणि पैसे घ्यायला नकार दिला.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांचे ते खंडपीठ. मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत या लोकांविरुद्ध मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले, असे निकालपत्रात स्पष्ट म्हटले आहे. एप्रिलमध्ये आमच्या घरी येणाऱ्या पेपरात हा विषय पहिल्या पानावर आठ-आठ दिवस होता. निकाल आला तो आतल्या पानावर, एका टायर कंपनीच्या जाहिरातीच्या वर, बोटभर.

ही तक्रार आम्ही मनापासून करतो आहोत. पण त्याच निकालाबद्दल आणखी एक गोष्ट आहे. न्या. सेवलीकर गुन्हे रद्द करण्याशी सहमत होते, मात्र आपल्या सहकारी न्यायमूर्तींच्या काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही अशी नोंद त्यांनी केली होती. आपल्या ग्रुपांवर त्या आठवड्यात जे संदेश फिरले, त्यांतल्या एकातही आम्हांला ही नोंद दिसली नाही. आम्ही स्वतः पाठवलेल्या संदेशातही नव्हती. निकाल आपल्या बाजूचा होता, मग कोण शेवटचे पान वाचतो.

वाचकांपैकी अनेक जण विचारतात, तक्रार कुठे करायची? वर्तमानपत्राबद्दल असेल तर आधी संपादकाला लेखी पत्र. उत्तर मिळाले नाही किंवा पटले नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली. दैनिक-साप्ताहिकाच्या बाबतीत मजकूर छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. कात्रण आणि संपादकाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो. ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, आणीबाणीत गुंडाळली गेली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. समज देणे, ताशेरे मारणे, एवढेच. टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही. वाहिन्यांनी आपसांत बनवलेली वेगळी संस्था आहे, तिच्याकडे जाण्याआधी सात दिवसांच्या आत वाहिनीला कळवावे लागते. जमातीच्या वार्तांकनावरून याच संस्थेने २०२१ मध्ये दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला होता, कारण बंगळुरूच्या काही जागरूक लोकांनी बसून, तारखा-वेळा लिहून रीतसर तक्रार केली होती. आपण काय करतो? स्टेटस ठेवतो.

स्टेटसवरून यवत आठवले. यवतचे नाव आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे जुलै २०२५ च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून आधीच तणाव होता. १ ऑगस्टला, शुक्रवारी, एका तरुणाच्या समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव जमला, वाहने पेटवली गेली, तोडफोड झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला आणि जमावबंदी लागू झाली. केडगावहून यवत किती लांब? बहिणीला फोन लावला, ती सुखरूप होती, दार लावून बसली होती.

मग आम्ही काय केले ते सांगतो. संध्याकाळी मगरिबनंतर नात्यातल्या एकाने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. रात्रीची वेळ, जळणारी इमारत, मिनार दिसतोय, लोकांचा आरडाओरडा. खाली लिहिले होते, 'यवत, आत्ता. दुआ करा.' आमचे हात थरथरले. आम्ही तो तीन ग्रुपांवर पुढे पाठवला. त्यांतला एक ग्रुप आमच्या वर्गातल्या पालकांचा होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दहावीतली एक मुलगी आईचा मोबाइल घेऊन आली. तीच, पारगाववाली, आता मोठी झाली होती. तिने व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला आणि एका बंद दुकानाच्या पाटीवर बोट ठेवले. "सर, ही अक्षरं आपली नाहीत." नव्हती. ती मराठी नव्हती, हिंदी नव्हती, उर्दूही नव्हती. कुठली होती ते आम्हांला आजही नक्की सांगता येणार नाही, पण यवतच्या बाजारपेठेतली नव्हती एवढे पहिलीतले पोरही सांगेल. वीस-बावीस वर्षे दोन लिप्या शिकवणाऱ्या माणसाने पाटी वाचली नव्हती.

पालकांच्या ग्रुपातल्या एका बाईचा मोठा मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. व्हिडिओ पाहून तिने त्याला फोन करकरून घरी बोलावले. तो पाळी अर्धवट सोडून अंधारात मोटारसायकलवर निघाला, पाऊस होता, न्हावऱ्याच्या अलीकडे गाडी घसरली. हात दोन ठिकाणी मोडला, दीड महिना बिनपगारी घरी. यवतला त्या दिवशी जे घडले ते खरे होते आणि वाईट होते. पण या पोराचा हात यवतने मोडला नाही.

आम्ही तिन्ही ग्रुपांवर दुरुस्ती टाकली. व्हिडिओ तिथला नाही, आमची चूक झाली, ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी कळवावे. पालकांच्या ग्रुपात तिघांनी अंगठा दाखवला. एकाने लिहिले, 'सर, पण असं होतंच आहे ना आपल्यासोबत.' हे वाक्य आम्हांला व्हिडिओपेक्षा जास्त भयंकर वाटले. एप्रिल २०२० मध्ये सोसायटीच्या फाटकावर चाचांना अडवणारा माणूसही मनात हेच म्हणत असणार. ही बातमी खरी नसली तरी असे लोक असतातच ना. बिबट्याचे पाहा, आमच्या शिरूर तालुक्यात बिबट्याची दहशत खरी आहे, माणसे गेली आहेत, तरी कुठल्या तरी परराज्यातल्या बिबट्याचा व्हिडिओ 'आत्ता, आपल्या फाट्यावर' म्हणून फिरतोच. खऱ्या भीतीच्या आधाराने खोटी बातमी उभी राहते, म्हणून तर ती पटते.

सूरह हुजुरातमध्ये आलेली बातमी पडताळून घेण्याची जी ताकीद आहे, ती आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. हदीसच्या विद्वानांनी तर एकेका कथनामागे रावींची साखळी तपासली: कोणी कोणाकडून ऐकले, दोघे एका काळात होते का, भेटले होते का, स्मरणशक्ती कशी होती, माणूस व्यवहारात कसा होता. हजारो माणसांची चरित्रे त्यासाठी लिहिली गेली. त्या परंपरेचा अभिमान आम्ही जलशात भाषण करताना सांगतो. आणि नात्यातल्या एकाने टाकलेला व्हिडिओ त्याला कोणी पाठवला हे विचारायला आमच्याकडे अर्धे मिनिट नव्हते. नंतर विचारले. त्याला मुंबईच्या कोणीतरी पाठवला होता, त्याला ग्रुपवर आला होता. तिथे साखळी संपली.

त्या बाईंच्या घरी जायला आम्हांला चार दिवस लागले. मुलगा गळ्यात हात अडकवून खाटेवर बसला होता. व्हिडिओ ग्रुपवर आम्हीच टाकला होता, हे तिला माहीत होते; नाव तर दिसतेच. तरी आम्ही ते तोंडाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि आत जाऊन चहा ठेवला. मुलाच्या फॅक्टरीत कंत्राटदार हजेरी मांडेल का, यासाठी अर्ज मराठीत लिहून द्याल का, असे तिने विचारले. आम्ही तिथेच बसून लिहिला. त्या अर्जात अपघाताचे कारण काय लिहायचे, यावर पेन बराच वेळ थांबला होता. 'घरून चुकीचा निरोप गेल्याने' असे लिहिले. मुलाने वाचून सही केली, डाव्या हाताने.

शाळेत आता शनिवारच्या परिपाठाला बातम्यांनंतर 'दुरुस्ती' नावाचा एक भाग असतो. आठवड्यात वाचलेल्या बातम्यांपैकी कोणती पुढे बदलली, ते शोधून सांगायचे. पेपरवाले दुरुस्ती छापतात तेव्हा ती इतकी बारीक असते की पोरांना भिंग लागते, आणि बऱ्याचदा छापतच नाहीत. मग जुना पेपर आणि नवा पेपर शेजारी ठेवून फरक काढावा लागतो. त्या बातमीदार विद्यार्थ्याला आम्ही एकदा बोलावले होते. पोरांनी त्याला त्याच्याच दोन बातम्या दाखवल्या. तो घामाघूम झाला, पण बसून राहिला आणि कोणत्या बातमीच्या वेळी कोणाला फोन केला होता, कोणाला करायचा राहिला, ते त्याने सांगितले. घंटा झाली तरी वर्ग उठला नाही.

याच नियमाने आमचीही एक दुरुस्ती. पत्रकार दिनाच्या निमित्ताने या सदरात आम्ही लिहिले होते की बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' हे पहिल्या अंकापासून साप्ताहिक होते. ते चूक आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ते सुरू झाले तेव्हा पाक्षिक होते, मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. ही चूक एका वाचक भगिनीने पत्राने कळवली. त्यांचे आभार.